झाकण उघडलेला सुरांचा डबा : मॉड्युलर सिंथेसायझर आणि आपला ध्वनीचा पाठ



ज्या घरात मूल गाणं शिकतं, त्या घरात इलेक्ट्रॉनिक तानपुरा हमखास असतो. आता मोबाईलवर ॲप आलं, पण आधीचा तो डबा आठवा. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस असा तानपुरा तयार केला आणि पुढे तो गावोगावच्या गाण्याच्या क्लासमध्ये जाऊन बसला. डब्यावर दोन-चार बटणं असतात. एकाने पट्टी लावायची, एकाने आवाज कमी-जास्त करायचा, एकाने गती. बटण फिरवलं की आत काहीतरी बदलतं आणि बाहेर सूर बदलतो. आत नेमकं काय बदलतं, हे मूल विचारत नाही, कारण डबा बंद असतो. आपणही विचारत नाही.

मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे असाच एक डबा, पण झाकण काढलेला. सूर निर्माण करणारा भाग वेगळा, त्याची धार कमी करणारा वेगळा, आवाज उचलणारा-सोडणारा वेगळा, ताल मोजणारा वेगळा. प्रत्येक भागाला मॉड्यूल म्हणतात. हे भाग एका चौकटीत शेजारी-शेजारी बसवलेले असतात आणि आत एकमेकांना जोडलेले नसतात. समोर भोकंच भोकं. वायर घ्यायची, या भोकातून त्या भोकात घालायची. वायर घातली नाही तर हजारो रुपयांचं ते यंत्र ढिम्म बसून राहतं. जगभर याचे वेडे शौकीन आहेत. आपल्याकडे अजून हे प्रकरण मोजक्या लोकांपुरतंच आहे.

मग प्राथमिक शिक्षकांच्या ब्लॉगवर हे कशाला, असं कुणी म्हणेल. त्याचं कारण सांगते. ध्वनीचा पाठ शिकवताना आपण ‘कंपनामुळे ध्वनी निर्माण होतो’ हे वाक्य फळ्यावर लिहितो, रबर ताणून दाखवतो आणि पुढे सरकतो. वारंवारिता, आयाम, सप्तक हे शब्द मुलं पाठ करतात, पण एक बदलला तर कानाला काय होतं हे त्यांना अनुभवायला मिळत नाही. हे यंत्र नेमकं तेच वेगवेगळं करून ऐकवतं. आणि यातला बराचसा भाग यंत्राशिवाय, फुकटात, वर्गात करता येतो. आधी तोच बघू.

आपल्याकडे आहेच की एक सिंथेसायझर

मुलांना सांगा, एकाच सुरात ‘आऽऽऽ’ म्हणा आणि सूर न बदलता ओठ हळूहळू जवळ आणत ‘ऊऽऽऽ’ पर्यंत या. पुन्हा उलटं. आता विचारा, काय बदललं? सूर तोच, जोरही साधारण तोच. बदलला तो तोंडाचा आकार. घशातल्या स्वरतंतूंनी जो आवाज तयार केला त्यात बारीक-जाड असे कितीतरी सूर एकत्र असतात. तोंडाची पोकळी त्यातले काही पुढे करते, काही अडवते. सिंथेसायझरमध्ये स्वरतंतूंच्या जागी जो भाग असतो त्याला ऑसिलेटर म्हणतात, म्हणजे दोलक. तोंडाच्या जागी असतो तो फिल्टर. आपण गाळणी म्हणू.

गाळणी कशी काम करते ते मुलांना माहीत असतं, फक्त नाव माहीत नसतं. लांबच्या वाडीवर वरात असली की आपल्यापर्यंत काय येतं? फक्त धुम् धुम्. गाणं कुठलं ते कळत नाही. बारीक सूर वाटेत, भिंतीत, झाडीत मुरतात आणि जाड तेवढे पोहोचतात. मोबाईलवर गाणं लावून तो उशीखाली ठेवला तरी तेच होतं. सिंथेसायझरमधली सगळ्यात जास्त वापरली जाणारी गाळणी हीच: ठरावीक मर्यादेखालचं जाऊ द्यायचं, वरचं अडवायचं. ती मर्यादा बटणाने वर-खाली केली की यंत्र ‘वाऽऊ-वाऽऊ’ असं बोलायला लागतं. मुलं हसतात, पण ते अपघाताने होत नाही. ओठ करतात तेच बटण करतं.

आता व्यंजनं. ‘स’ आणि ‘श’ लांबवून म्हणायला सांगा. त्यात सूर सापडत नाही, नुसती हवा. याला यंत्रात ‘नॉइज’ म्हणतात आणि त्याचं वेगळं मॉड्यूल असतं. पावसाचा, समुद्राचा, झांजेचा आवाज त्यातूनच काढतात. ‘प’, ‘त’, ‘क’ म्हणताना आवाज एकदम फुटतो आणि संपतो. ‘म’ हळू उगवतो, लांबवता येतो. आवाज कसा सुरू होतो, किती टिकतो, कसा मावळतो, या आकाराला एन्व्हलप म्हणतात. तबल्याचा ‘ता’ क्षणात चढतो आणि लगेच उतरतो. पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर तसाच राहतो. देवळातली घंटा एकदम वाजते, पण सावकाश विझते. यंत्रात यासाठी चार बटणं असतात: चढ किती वेळात, मग थोडं उतरणं किती वेळात, टिकून राहायची पातळी किती, आणि बोट काढल्यावर विझायला किती वेळ. ही चार भागांची मांडणी १९६५ च्या सुमारास न्यूयॉर्कमधले संगीतकार व्लादिमीर उसाचेव्हस्की यांच्या मागणीवरून रूढ झाली आणि आजच्या स्वस्तातल्या की-बोर्डमध्येही ती आहे.

बघा, आपल्या भाषेत ‘स्वर’ हा शब्द अ-आ-इ-ई साठीही आहे आणि सा-रे-ग-म साठीही. मुलांना यात गोंधळ वाटतो. मला ही सोय वाटते. घशाने ठरतो तो गाण्यातला स्वर, तोंडाने ठरतो तो बाराखडीतला. एकाच आवाजाची ही दोन बटणं. बाराखडी म्हणणारं मूल एक सिंथेसायझर चालवत असतं, असं पालकसभेत सांगितलं की सगळे कान टवकारतात.

मूग नव्हे, मोग

हे सगळं वायरीने जोडायच्या सुट्या भागांत प्रथम कुणी आणलं? एकाच सुमारास अमेरिकेच्या दोन टोकांना दोन माणसं कामाला लागली होती. पूर्वेला न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मोग. आडनाव इंग्रजीत पाहून अनेक जण ‘मूग’ म्हणतात, पण ते स्वतः ‘मोग’ म्हणत. डाळीशी संबंध नाही. मोग शाळकरी वयापासून थेरेमिन बनवायचे. थेरेमिन म्हणजे हात न लावता, नुसता हवेत हलवून वाजवायचं रशियन वाद्य. पुढे संगीतकार हर्बर्ट ड्यूश यांच्याबरोबर १९६४ साली त्यांनी पहिले मॉड्यूल जोडले. ड्यूश यांना सूर नुसता चालू-बंद नको होता, तो उगवायला-मावळायला हवा होता. त्या प्रयोगासाठी वापरलं गेलं ते दाराच्या घंटीचं बटण, हार्डवेअरच्या दुकानातून आणलेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला ध्वनी-अभियंत्यांच्या परिषदेत मोग यांनी हे यंत्र मांडलं.

पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुक्ला. तिथल्या टेप म्युझिक सेंटरच्या मॉर्टन सबॉटनिक आणि रॅमन सेंडर या संगीतकारांना फिती कापून-चिकटवून संगीत करायचा कंटाळा आला होता. त्यांनी बुक्ला यांना यंत्र बनवायला सांगितलं. बुक्ला यांनी पेटीसारख्या पट्ट्या मुद्दाम लावल्या नाहीत. बोट टेकवायच्या धातूच्या पट्ट्या केल्या. त्यांचं म्हणणं असं की पांढरी-काळी पट्टी दिसली की माणूस जुनंच वाजवणार. नवं वाद्य आहे तर हातालाही नवं वळण लागू दे.

मोग यांनी पट्ट्या ठेवल्या आणि तेच जगभर पसरलं. १९६८ साली वेंडी कार्लोस यांनी मोगवर बाखचं संगीत वाजवून केलेली ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही रेकॉर्ड प्रचंड गाजली. ते यंत्र एका वेळी एकच सूर वाजवू शकत होतं. त्यामुळे प्रत्येक ओळ वेगळी वाजवायची, ध्वनिमुद्रित करायची, मग दुसरी तिच्यावर चढवायची. विणकामासारखं. आजच्या मुलांना एक बटण दाबलं की पूर्ण वाद्यवृंद मिळतो, त्यांना हे जरूर सांगावं.

व्होल्टची बेरीज, सुरांचा गुणाकार

आता माझ्या दृष्टीने या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. पाचवीच्या पुढच्या वर्गांसाठी आहे, पण शिक्षकांनी स्वतःसाठी आधी समजून घ्यावा.

या यंत्रात प्रत्येक भाग दुसऱ्याशी एकाच भाषेत बोलतो: व्होल्टेज. आवाजही व्होल्टेज, आवाज बदलण्याची आज्ञाही व्होल्टेज. म्हणजे बटण फिरवायचं काम हाताऐवजी दुसरं मॉड्यूल करू शकतं. मोग यांनी ठरवलं की एक व्होल्ट वाढला की सूर बरोब्बर एक सप्तक वर जायला हवा. एक सप्तक वर म्हणजे वारंवारिता दुप्पट. समजा ० व्होल्टला ११० कंपनं, तर १ व्होल्टला २२०, २ व्होल्टला ४४० आणि ३ व्होल्टला ८८०. एका बाजूला आपण एकेक मिळवतोय, दुसऱ्या बाजूला दुपटीने गुणतोय. ट्रान्झिस्टरच्या अंगी हा गुण मुळातच आहे. त्याला दिलेला दाब सारखा-सारखा वाढवला की त्यातून जाणारा प्रवाह पटीपटीने वाढतो. तो गुण हेरून यंत्रात वापरला. तोच गुण तापमानाने बिघडतो, म्हणून जुनी यंत्रं खोली तापली की बेसूर व्हायची आणि पुन्हा जुळवावी लागायची. तानपुऱ्यासारखंच!

सगळ्यांनी ही पद्धत घेतली असं नाही. जपानच्या काही यंत्रांत, उदाहरणार्थ कोर्गच्या एमएस-२० मध्ये, व्होल्ट आणि वारंवारिता सरळ प्रमाणात ठेवली. १ व्होल्टला ११० तर २ ला २२०, ३ ला ३३०, ४ ला ४४०. ऐकायला ही पद्धत सोपी वाटते. मुलांना विचारलं तर तीही आधी हीच निवडतील. पण आता गाणाऱ्याची पट्टी बदलून बघा.

समजा सा २२० वर आहे आणि प ३३० वर. प हा सा च्या दीडपट असतो. सरळ प्रमाणाच्या यंत्रात हे झाले २ व्होल्ट आणि ३ व्होल्ट. पट्टी वर न्यायची म्हणून दोन्हींत १ व्होल्ट मिळवला. आता ३ आणि ४ व्होल्ट, म्हणजे ३३० आणि ४४०. भागाकार करा: दीडपट राहिली नाही, चार तृतीयांश झाली. म्हणजे सा-प चं सा-म झालं! गाणंच बदललं. मोगच्या पद्धतीत १ व्होल्ट मिळवला तर २२० चे ४४० आणि ३३० चे ६६०. नातं तेच, दीडपट. सा-प हे सा-प च राहिलं.

आपल्या संगीताला हे किती जवळचं आहे ते लक्षात घ्या. आपला सा कुठेही असू शकतो. कुणाचा काळी एक, कुणाचा पांढरी चार. महत्त्व आकड्याला नाही, नात्याला. मोगच्या यंत्रात काळी एक वरून पांढरी दोन वर जायचं तर सगळ्या सुरांत एका व्होल्टचा बारावा भाग मिळवायचा, बस्स. फरक आणि पट यांतला फरक मुलांना कळत नाही, अशी आपली नेहमीची तक्रार असते. ‘किती जास्त’ आणि ‘किती पट’ ही शाब्दिक उदाहरणं आपण आंब्या-पेरूंवर घासतो. एकदा सा-प चं सा-म झालेलं ऐकवा. कानाने कळलेलं विसरत नाही.

गंधाराचं काय?

याच्याच पुढचा एक बारकावा. गाणं शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी हा जरूर वाचावा.

पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. यंत्राच्या भाषेत प्रत्येक पट्टी एका व्होल्टच्या बाराव्या भागाने पुढे, म्हणजे सुमारे ०.०८३ व्होल्ट. शुद्ध गंधार चौथ्या पायरीवर येतो: ०.३३३ व्होल्ट. पण तानपुऱ्याचा खर्ज नीट जुळला की त्यातून आपोआप जो गंधार ऐकू येतो, ज्याला गायक स्वयंभू गंधार म्हणतात, तो सा च्या बरोबर सव्वापट नात्याचा असतो. त्यासाठी व्होल्ट हवेत सुमारे ०.३२२. सा २४० धरला तर तानपुऱ्याचा ग येतो ३०० वर आणि पेटीचा ३०२.४ वर. पेटीचा थोडा चढा.

फरक सांगून पटत नाही, ऐकवून पटतो. दोन ऑसिलेटर घ्या, एक ३०० वर, दुसरा ३०२.४ वर, दोन्ही एकदम वाजवा. आवाज स्थिर राहत नाही, ‘वंव्-वंव्-वंव्’ असा हेलकावे खातो. घड्याळ लावून मोजा, ५ सेकंदांत १२ हेलकावे. दोन्ही आकड्यांतल्या फरकाइतके दर सेकंदाला. पंचमाचं असं होत नाही. तिथे ३६० आणि ३५९.६ असा किरकोळ फरक आहे, अडीच सेकंदांत जेमतेम एक हेलकावा. म्हणून पेटीचा प खपतो आणि ग टोचतो.

१९४० साली आपल्या रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली. त्या बंदीमागे इतरही कारणं होती, स्वदेशी-विदेशीचा वाद होता, पण सुरांचा हा आक्षेप खरा होता. बुक्लांचा पट्ट्यांना विरोध आणि आपल्या गवयांचा पेटीला विरोध, दोन्ही एकाच जातीचे. गंमत म्हणजे मॉड्युलर यंत्रात दोन्ही पक्षांची सोय आहे. क्वांटायझर नावाचं मॉड्यूल येणारा व्होल्ट जवळच्या पायरीवर नेऊन बसवतं, आपण जवळच्या दशकापर्यंत संख्या पूर्ण करायला शिकवतो तसंच. ते काढून टाकलं की व्होल्ट मधल्या कुठल्याही जागी थांबू शकतो, घसरू शकतो. सा वरून ग वर मींड घ्यायची तर व्होल्ट उडी न मारता सावकाश चढला पाहिजे, त्याचंही छोटं मॉड्यूल मिळतं.

ठोके वाढले की सूर होतो

सायकल उलटी करून मागच्या चाकाच्या स्पोकना पुठ्ठ्याचा तुकडा लागेल असा धरायचा आणि पायडल हाताने फिरवायचं, हा खेळ आपण सगळ्यांनी केलाय. हळू फिरवलं तर टक्-टक्-टक्, जोरात फिरवलं तर ‘घर्रर्र’ असा सूर. मोजायला लावा. मागे ४० स्पोक असतील आणि चाक सेकंदाला एक फेरी घेत असेल तर ४० ठोके. चार सेकंदांत ११ फेऱ्या झाल्या तर सेकंदाला ११० ठोके, म्हणजे वर आपण ज्या ११० पासून सुरुवात केली तोच सूर. ठोका आणि सूर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, वेगाचा फरक आहे. साधारण सेकंदाला २० च्या खाली आपण ठोके ऐकतो, त्यावर सूर. (बोटं स्पोकपासून लांब, आणि पायडल मोठ्या माणसाच्या हाती. हे सांगायला नकोच.)

मॉड्युलर यंत्रात हे एका बटणाने होतं. मंद ऑसिलेटर सुराला जोडला तर सूर आंदोलन घेतो. वेग वाढवत नेला तर एका टप्प्यावर आंदोलन ऐकू येणं थांबतं आणि आवाजाचा पोतच बदलतो, धातूसारखा होतो.

तालासाठी सिक्वेन्सर असतो. ओळीने आठ बटणं, प्रत्येकावर एक व्होल्ट ठेवायचा, यंत्र एकामागून एक वाचत जातं आणि परत पहिल्यावर येतं. आवर्तनच ते. सातव्यावर परत फिरवलं तर रूपक. दोन सिक्वेन्सर वेगवेगळ्या लांबीचे लावले तर खरी मजा. एक ३ चा, एक ४ चा. दोघांची सम पुन्हा कधी एकत्र येईल? १२ मात्रांनी. ६ चा आणि ८ चा असेल तर २४ ने, ४८ ने नव्हे. म्हणजेच लसावि! यंत्र नसेल तर वर्गाचे दोन गट करा. एक गट दर तिसऱ्या मात्रेला टाळी देईल, दुसरा दर चौथ्या मात्रेला बाक वाजवेल, आणि एक मूल मोजेल. ३ आणि ४ सुरळीत जातं. ५ आणि ७ ला वर्गात हसू आणि गोंधळ दोन्ही होणार हे धरून चाला. ३५ वी मात्रा येईपर्यंत सगळे टिकले तर कौतुक करा.

अहमदाबाद आणि मुंबई

हे सगळं परदेशातलं आहे असं वाटत असेल तर एक गोष्ट सांगायची राहिली. १९६९ साली मोगचं मोठं मॉड्युलर यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, आलं होतं. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे स्टुडिओ उभारून दिला. त्यामागे गीता साराभाई होत्या. याच गीताबेनांनी १९४६ साली न्यूयॉर्कला जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं होतं आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं होतं. एनआयडीत गीताबेन, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्या यंत्रावर रचना केल्या. १९७२ पर्यंतच्या या रचना फितींवर राहिल्या आणि फिती संस्थेत पडून राहिल्या. ब्रिटिश कलाकार पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक रेकॉर्डवर आल्या.

मला यात हळहळ वाटते. जगात फार थोड्या ठिकाणी असलेलं यंत्र आपल्या शेजारच्या राज्यात होतं. ते वापरणारी माणसं हुशार होती. पण ते ज्ञान त्या एका खोलीतून बाहेर शाळेपर्यंत, रेडिओपर्यंत, गाण्याच्या क्लासपर्यंत आलंच नाही. त्याच काळात लंडनच्या ईएमएस कंपनीचा व्हीसीएस-३ हा छोटा सिंथेसायझर इंग्लंडमधल्या शाळांतही पोहोचला होता. त्यात वायरींऐवजी १६ ओळी आणि १६ स्तंभांचा चौकटीचा फळा होता. कुठली ओळ कुठल्या स्तंभाला जोडायची ते टाचणीसारखी पिन खोचून ठरवायचं. आपण चौकटीच्या कागदावर जोड्या लावा करतो, तसंच.

मुंबईची गोष्ट दहा वर्षांनंतरची. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडची तीन यंत्रं घेऊन दहा रागांची रेकॉर्ड केली, डिस्कोच्या ठेक्यावर. तेव्हा ती फारशी चालली नाही. २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाल्यावर जगभरचे लोक थक्क झाले, कारण तसं संगीत परदेशात काही वर्षांनी निघालं होतं. ही यंत्रं मॉड्युलर नव्हती, पण मिडी अजून आलेलं नव्हतं आणि यंत्रांना एकमेकांच्या ठेक्यावर आणायचं तर वायरीतून विजेचे ठोकेच पाठवावे लागत.

घ्यायचं का मग?

पालक हे विचारणारच. माझं स्पष्ट मत, मुलासाठी विकत घेऊ नका. निदान आधी नाही.

सध्या सर्वांत जास्त चालतो तो युरोरॅक नावाचा प्रकार. म्युनिकजवळच्या डीटर डोप्फर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात तो आणला. मॉड्यूलची उंची ठरलेली, सुमारे साडेबारा-तेरा सेंटिमीटर. रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत. जुन्या मोबाईलच्या हेडफोनची असते तशी साडेतीन मिलिमीटरची पिन. माप जाहीर असल्यामुळे शेकडो छोटे कारागीर आपापली मॉड्यूल बनवू लागले. चांगली गोष्ट आहे, पण खिशाला नाही. एकेक मॉड्यूल शंभर-दोनशे डॉलरला सहज जातं. सूर ऐकू यायला किमान चार-पाच लागतात, शिवाय चौकट, वीजपुरवठा, वरून आयात शुल्क. आणि चौकटीत एक रिकामी जागा दिसली की शौकिनांचा हात खिशात जातो. मुलाला ध्वनी शिकवायला एवढं लागत नाही.

संगणकावर व्हीसीव्ही रॅक हा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात खऱ्यासारखीच मॉड्यूल पडद्यावर दिसतात, माऊसने वायर ओढून जोडायची. काही मॉड्यूल पैसे देऊन घ्यायची असतात, त्यांची गरज नाही. शाळेतला संगणक फार जुना असेल तर प्रोग्राम अडखळतो, तेव्हा आधी स्वतः चालवून बघा. नुसता मोबाईल असेल तर ब्राउझरमध्ये क्रोम म्युझिक लॅब उघडा. त्यातला ऑसिलेटरचा आणि आवाजाचं चित्र दाखवणारा असे दोन खेळ पहिली-दुसरीलाही जमतात.

कुणाकडे खरं यंत्र असेल, एखादा मामा-काका शौकीन असेल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. यंत्राचा आवाज थेट हेडफोनला जोडायचा नाही. आत दहा व्होल्टपर्यंत झुलणारा आवाज असतो, नेहमीच्या टेपरेकॉर्डर-ॲम्प्लिफायरला लागतो त्याच्या कितीतरी पट. मधे आवाज उतरवणारं मॉड्यूल हवं, आणि बटण आधी शून्यावर. दुसरं म्हणजे, मॉड्यूलच्या मागे विजेची चपटी केबल असते. तिच्या एका कडेला लाल रेघ असते, ती उणे १२ व्होल्टच्या बाजूला यायला हवी. उलटी लावली तर मॉड्यूल जळू शकतं. पुढच्या वायरींचं मात्र इतकं भय नाही. सहसा चुकीच्या भोकात घातली तर विचित्र आवाज येतो किंवा काहीच येत नाही. मुलांच्या दृष्टीने यातच खरी गंमत आहे. बाराखडीत चुकलं की लाल शाई, इथे चुकलं की नवा आवाज.

पहिल्या तासाला एवढंच करा. व्हीसीव्ही रॅकमध्ये ऑसिलेटरचा करवती आकाराचा सूर थेट स्पीकरकडे न्या. कर्कश वाटेल, वाटू द्या. मग मधे गाळणी घाला आणि तिचं बटण सावकाश खाली आणा. आता विचारा, तोंडाने असं करायचं तर काय कराल? कुणीतरी ‘ऊऽऽ’ करेलच. मग मंद ऑसिलेटरची वायर गाळणीला लावा, म्हणजे बटण आपोआप फिरू लागेल. शेवटी वायर गाळणीतून काढून मुलांच्या हाती माऊस द्या आणि सांगा, आता ही कुठेही लावा. आपण मागच्या बाकावर बसायचं.